कच्चा मासा आणि ओतूरचे पाहुणे

कच्च्या माशाला बर्फ लागतो, किश्श्याला लागत नाही. किस्सा उघड्यावर ठेवला तरी नासत नाही, उलट मुरतो. आमच्या मंचरच्या गल्लीत तर असे किस्से इतके साठलेत, की कुणाच्याही ओट्यावर घटकाभर टेका, एखादा पदरात पडतोच. आणि माझा ओटा पडला गल्लीच्या तोंडाशी! मी काही कान देऊन ऐकत नाही हो, पण कानाला दार थोडंच असतं?

त्यातून माझी शेजारीण सुनंदा. आमच्या दोघींच्या मध्ये कमरेएवढी भिंत. सव्वीस वर्षं झाली, रोज सकाळी दूध तापलं की भिंतीवरून तिचा आवाज येणार, "ऐकलंस का गं?" आणि मागोमाग एक वाटी येणार. कधी भरलं वांगं, कधी पिठलं. मी ऐकून घ्यायचं, वाटी रिकामी करायची आणि दुसऱ्या दिवशी आपलं काहीतरी घालून परत द्यायची. रिकामी वाटी परत द्यायची नाही, हा नियम.

तर ही सगळी गंमत सुनंदाच्या अक्षयची. हॉटेल मॅनेजमेंट शिकला, सहा वर्षं बोटीवरच्या किचनमध्ये राबला आणि एक दिवस बॅगा घेऊन परत आला. म्हणाला, "आई, आता इथंच. हायवेच्या फूड कोर्टात स्टॉल घेतलाय."

सुनंदा खूश. एकतिसावं लागलेलं पोरगं डोळ्यांसमोर राहणार, आता लग्न उरकून टाकू.

"काय ठेवणार स्टॉलवर?"

"जपानी भाताचे बाऊल."

"भातावर काय?"

"मासा."

"तळलेला?"

"नाही."

"मग रश्श्यातला?"

"नाही."

"मग?"

"तसाच. कच्चा. पातळ काप करून."

सुनंदा म्हणाली, "का रं? बोटीवरचा गॅस संपला व्हता का?"

*

आता तुम्हीच सांगा. आम्ही पडलो मासवडीवाले. बेसन थापायचं, तीळ-खोबऱ्याचं सारण भरायचं, माशासारखा आकार द्यायचा आणि वर झणझणीत रस्सा. ज्या भागात बेसनाचा मासासुद्धा शिजवल्याशिवाय पानात पडत नाही, तिथं हा खराखुरा मासा न शिजवता वाढणार! वर अडीचशे रुपये घेणार!

उद्घाटनाचा दिवस ठरवला सुनंदानं. ओझरला जाऊन विघ्नहराला साकडं घालून आली होती, "पोराचा धंदा लागू दे, लग्न जमू दे." म्हणून उद्घाटन संकष्टीलाच. अक्षय सहा वर्षं समुद्रावर, त्याला कुठली चतुर्थी आणि कुठलं काय! तो "हो" म्हणाला.

संध्याकाळी आम्ही झाडून सगळे हजर. नारळ फुटला, फीत कापली. अक्षयनं पन्नास बाऊल मांडून ठेवलेले. गुलाबी काप, हिरवं काहीतरी, वर तीळ. आणि समोर पन्नास माणसं हाताची घडी घालून उभी. सगळ्यांना उपास! चंद्र उगवायला अजून अडीच तास!

पोराचं तोंड बघवेना. शेवटी एक-एक जण हळूच समोरच्या उपासाच्या पदार्थांच्या स्टॉलवर सरकला. अर्ध्या तासात तिथली साबुदाण्याची खिचडी संपली. ती स्टॉलवाली बाई घाम पुसत सुनंदाकडे आली, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "ताई, लई उपकार झाले. आता अंगारकीला दुसरी ब्रँच काढा!"

*

पुढं गिऱ्हाईक आलं ते अवसरीच्या कॉलेजच्या पोरापोरींचं. त्यांना खाण्याशी काय देणंघेणं? आधी बाऊलचा फोटो, मग बाऊलबरोबर आपला फोटो, मग जेवायच्या काड्या धरलेल्या हाताचा व्हिडिओ. काड्या धरता येईपर्यंत भाताचा डोंगर होता तसाच. वीस मिनिटांनी एकानं पहिला घास घेतला आणि त्याचं तोंड असं झालं, जसं काही परीक्षेत भलताच पेपर आला.

"दादा, एवढा जरा फ्राय करून द्या ना."

अक्षयनं हात जोडले. "या माशाला आच लागणार नाही. खायचा तर असाच खा."

एकाला नाही, दहांना नाही, पुढं किती जणांना त्यानं हेच ऐकवलं! फूड कोर्टाचा मालक स्वतः येऊन सांगून गेला, "अरे, गिऱ्हाईक म्हणतंय तर दाखव की तवा!" त्यालाही तेच. एवढंच काय, सुनंदा म्हणाली, "मी खाते रे बाबा तुझं, पण नुसतं तेल तरी दाखव त्याला." तर आईला म्हणाला, "तुझ्यासाठीसुद्धा नाही, आई." ती बिचारी स्टॉलच्या मागं खुर्ची टाकून घरच्या डब्यातली मासवडी खायची. त्यावर दोन गिऱ्हाइकांनी विचारलं म्हणे, "ती काकू खातायत ती प्लेट केवढ्याला?"

शेजारचा स्टॉल बबनचा. बबन चायनीजवाला. चीन त्यानं नकाशातही बघितला नसेल, पण त्याला धंदा कळतो. कॉलेजची पोरं अक्षयचे बाऊल घेऊन गुपचूप त्याच्याकडे जायला लागली. बबन कढईत टाकणार, शेजवान घालणार, दोन हात मारणार, झालं!

आठवड्यानं बबनच्या स्टॉलवर भला मोठा बोर्ड लागला. लाल अक्षरात.

"येथे जपानी मासा तळून मिळेल."

*

भात मात्र आपलाच. इंद्रायणी चिकट शिजतो, म्हणून अक्षयला तोच लागायचा. सुनंदाकडे दरवर्षी आहुप्याच्या बाजूची हिराबाई तांदूळ घेऊन येते. सत्तरीची बाई, डोंगरात स्वतः भात लावते, स्वतः कापते. यंदा पोतं थेट स्टॉलवर उतरवलं आणि आपला तांदूळ कुठं जातो ते बघायला टेकली.

अक्षयनं भात लाकडी परातीत काढला, त्यावर व्हिनेगर शिंपडलं आणि पुठ्ठ्यानं भाताला वारा घालायला लागला. एका हातानं उलटतोय, दुसऱ्या हातानं वारा. चांगली दहा मिनिटं.

हिराबाई आधी बघत राहिली. मग हळूच उठली, परातीवर हात धरला, ऊन लागतंय का बघितलं. आणि सुनंदाकडे वळून अगदी काळजीनं विचारलं, "काय गं बाय, भाताला ताप आलाय व्हय?"

*

आमच्या ह्यांचं सांगते. ह्यांना रोज भाकरीबरोबर ठेचा लागतो आणि त्याचा अभिमान इतका, की जसं काही लष्करात पदक मिळवलंय. बाऊलच्या कडेला जपानी चटणीचा सुपारीएवढा हिरवा गोळा बघून ह्यांचे डोळे चमकले.

अक्षय म्हणाला, "काका, ते टोकावर घ्या, जरासंच."

"अरे, आम्ही लवंगी चावून खाणारी माणसं. आम्हाला सांगतोस?"

आणि सगळा गोळा तोंडात!

पुढचा मिनिटभर हे वरच्या पंख्याकडे बघत होते. नाकाडोळ्यांतून धारा. मी पाणी पुढं केलं तर हातानंच "थांब" म्हणाले. मग एक लांब श्वास घेतला. इतका लांब श्वास मी लग्नापासून ऐकला नव्हता, कारण ह्यांचं एक नाक कायम बंद.

दुसऱ्या दिवशी हे बामची रिकामी डबी घेऊन स्टॉलवर हजर. "मासाबिसा काही नको. एवढं ह्याच्यात भरून दे. पडशाला."

तेव्हापासून गल्लीत कुणी शिंकलं की त्याला अक्षयकडे धाडतात. सगळ्या जपानमधलं आमच्या गल्लीत खपलं काय, तर चटणी!

*

सगळ्यात दुखावला तो आमचा रशीदभाई. जुन्नरचा माणूस, मंचरच्या बाजारात चाळीस वर्षं मासळीचं दुकान. आधी कुणाला तरी वाटेल, अक्षयचा मासा ह्याच्याकडून जात असेल. छे! तो मुंबईहून येतो, पांढऱ्या खोक्यात, बर्फात, तोही गाडीच्या टपावरून नाही, आत सीटवर बसून!

मी बोंबील घ्यायला गेले तर रशीदभाई सुरी खाली ठेवून म्हणाला, "मंगलताई, एक सवाल हाय. चाळीस साल मी मच्छी विकतो. गिऱ्हाईक विचारतं, 'चाचा, ताजी हाय ना?' मी कसम खातो. बराबर?"

"बरोबर."

"तरी बाई घरी जाऊन अर्धा घंटा शिजवती. बराबर?"

"मग काय कच्ची खाणार?"

"तेच बोलतो! म्हंजे चाळीस वर्षांत माझ्या कसमेवर एकाचाबी भरोसा न्हाई! आणि त्या पोराच्या खोक्यावर नुसता स्टिकर हाय, तर लोक तशीच खातायत!"

त्यानं रागारागानं मला दोन बोंबील जास्त टाकले.

*

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण सुनंदाचं चित्त होतं लग्नात, आणि लग्न अडलं होतं माशात.

पहिलं स्थळ आलं खेडच्या बाजूचं. मुलीच्या आईनं फोनवर सगळं विचारून घेतलं. शेती किती, घर कसं, मुलगा काय करतो. सुनंदानं आपलं सरळ सांगितलं, भात असतो, त्यावर मासा असतो, तो शिजवत नाहीत.

ती बाई म्हणाली, "आमची मुलगी सैपाकात लई हुशार हाय हो. तुमच्याकडं तिचं काय काम?"

फोन बंद. ते स्थळ गेलं.

त्यानंतरचं गेलं माझ्यामुळं. जाण्यासारखंच केलं होतं मी.

*

आमच्याकडे मुलगा बघायचा तर पाहुणे आधी मुलाच्या घरी जात नाहीत. शेजारी जातात. पत्ता चुकल्यासारखं करायचं, पाणी मागायचं आणि बोलता बोलता विचारायचं. शेजाऱ्यालाही माहीत असतं हा कोण आणि कशाला आलाय. त्यानंही "असं का, असं का" करत हवं ते सांगायचं. ही सगळी रीत आहे. सव्वीस वर्षांत मी गल्लीतली सात लग्नं अशी पाण्याच्या तांब्यावर जमवून दिलीत!

ओतूरहून मुलीचा मामा आला. गोरापान, पोट सुटलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस. मुलगी वृषाली, वडलांची रोपवाटिका सांभाळते, टोमॅटोची, फ्लॉवरची रोपं तिच्या हातची. चांगलं घर. मी चहा टाकला.

"पलीकडचा मुलगा कसाय, ताई?"

"सोन्यासारखा. सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही."

"आणि धंदा?"

इथं मी थांबायला हवं होतं. "स्वतःचा हाय" म्हणायचं आणि बशी पुढं करायची. पण समोर चांगला ऐकणारा माणूस, हातात चहा, आणि माझ्या पोटात दोन महिन्यांचा साठा! मी सुरू झाले. उपासाचं उद्घाटन सांगितलं. हिराबाईचा ताप सांगितला. ह्यांची डबी सांगितली, डबी काढून दाखवली! मामा मांडीवर थापा मारतोय. बबनच्या बोर्डाशी आले तेव्हा त्याचा चहा शर्टावर सांडला.

जाताना डोळे पुसत म्हणाला, "ताई, लई वर्षांनी इतका हसलो."

मलाही बरं वाटलं. भांडी घासताना मीच परत एकदा हसले.

मग आठ दिवस ओतूरहून फोन नाही. पंधरा दिवस नाही. मध्यस्थानं सुनंदाला सांगितलं, "मामा शेजारच्या बाईकडं तासभर बसला व्हता. काय कळलं त्याला काय माहीत, तेव्हापासून गप हायत."

सुनंदा भिंतीशी आली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझी वाटी भिंतीवर ठेवली. रिकामी. घासून, पुसून.

"तुझी वाटी," एवढंच म्हणाली.

दीड महिना. रोज सकाळी माझं दूध तापायचं, तिचं दूध तापायचं. तिकडून भांड्यांचा आवाज यायचा, नळाचा यायचा. "ऐकलंस का गं?" मात्र नाही. गल्लीत एवढं काय काय घडत होतं आणि मला त्यातलं काही ऐकावंसं वाटेना. रशीदभाईनं विचारलं, "मंगलताई, तब्येत ठीक ना?" मी म्हटलं, "पडसं झालंय." तर तो म्हणाला, "मग त्या पोराकडं जा की!" जाणार कुठल्या तोंडानं?

*

आणि एक दिवस ओतूरहून फोन आला. मुलगी बघायला या म्हणून नाही. मुलगीच येणार होती. घरी नाही, थेट फूड कोर्टात! तिची अट होती म्हणे, "मला मुलगा कामावर बघायचाय."

सुनंदानं मला काही सांगितलं नाही. सांगायला आला अक्षय. ओट्याच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "काकू, तुम्ही यायचंय. मामांनी खास विचारलंय, त्या हसवणाऱ्या ताई असणार ना म्हणून."

म्हणजे मामानं सगळं घरी सांगितलं होतं!

गेले. दोन टेबलं जोडली होती. एका बाजूला मुलीचे वडील, मामा, मधे वृषाली. सावळी, ठसठशीत, नखांत रोपवाटिकेची माती. दुसऱ्या बाजूला सुनंदा, तिच्यापुढं मासवडीचा डबा, शेजारी मी. सुनंदानं माझ्याकडे पाठ केलेली. वडलांनी स्टॉलवरचा मासा बघितला आणि डबा आपल्याकडे ओढून घेतला. मामा बबनचा बोर्ड बघून आधीच लाल झाला होता, हसू दाबून.

एरवी अशा वेळी मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन येते. इथं मुलगा बाऊल घेऊन आला. काड्या ठेवल्या, चमचा ठेवला, पाणी ठेवलं आणि बाजूला उभा राहिला, अगदी मुली उभ्या राहतात तसा.

वृषालीनं काड्या बाजूला सारल्या. हातानं एक काप उचलला, भातासकट तोंडात टाकला. चावला. आम्ही सगळे तिच्या गळ्याकडे बघतोय. सुनंदा पुटपुटत होती, विघ्नहराचं नाव घेत असणार. समोरची खिचडीवाली झारा हातात धरून थांबली.

गिळलं तिनं. पाणी प्यायली. मग अक्षयकडे वर बघितलं आणि अगदी साधेपणानं, घरात मीठ मागावं तसं म्हणाली,

"जरासा तळून मिळेल का?"

मामानं तोंडावर रुमाल दाबला. मी डोळे मिटून घेतले. गेलं! हेही गेलं! कॉलेजच्या पोरांना नाही, मालकाला नाही, सख्ख्या आईला नाही. आता हा हात जोडणार आणि ते वाक्य म्हणणार.

काहीच ऐकू आलं नाही, म्हणून डोळे उघडले. टेबलावर बाऊल नव्हता. अक्षयही नव्हता.

तो बबनच्या स्टॉलपुढं होता. त्या लाल बोर्डाच्या बरोबर खाली. पुढं तीन पोरं उभी, त्यांच्या मागं हा, दोन्ही हातांत बाऊल धरून, मुकाट्यानं लायनीत.

नंबर आला. बबननं मान वर केली आणि त्याच्या हातातला झाराच थांबला. अख्ख्या फूड कोर्टाला ऐकू जाईल असा ओरडला, "अक्षयभाऊ? तू? कुणाचा हाय ह्यो? गिऱ्हाइकाचा?"

"नाय," अक्षय म्हणाला. "घरचा."

माझ्या कोपराला जोरात ढोसणी बसली. सुनंदाची मान अजून तिकडंच होती, पण आवाज माझ्याकडे आला.

"ऐकलंस का गं?"